पेटीत कोण कुईकुई करतंय?

दोस्ता, एक गंमत करशील? दुपारी सगळे जरा आडवे झाले, की छताचा पंखा बंद कर आणि कॉम्प्युटरजवळ जाऊन बस. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर हं, मांडीवरचा लॅपटॉप नको. तो चालू कर. आता काहीच करू नकोस. नुसते कान टवकार!

ऐकलंस? सूंऽऽ... हा पेटीतला पंखा. गुंऽऽ... हा आणखी कुणीतरी. आता एखादा गेम उघड बरं. अरेच्चा! हे काय? कुईऽऽऽ!

बारीक, टोकदार आवाज. गेम बंद केला की गप्प. पुन्हा उघडला की पुन्हा कुईऽऽऽ!

पेटीत उंदीर शिरलाय का? छे! स्क्रू सैल झालाय? तोही नाही. मग ओळख पाहू, कोण ओरडतंय?

सांगू? या आवाजामागे आहे वीज! वीज स्वतः ओरडत नाही बरं का. पण ती ज्या वस्तूंमधून जाते, त्या वस्तू थरथरतात. ही थरथर इतकी बारीक असते, की डोळ्यांना ती दिसतच नाही. कानाला मात्र बरोबर कळते!

चल, आज या ओरडणाऱ्यांना एकेक करून पकडू. तेही पेटी न उघडता!

आधी दोन नियम

पहिला नियम अगदी पक्का. पेटी उघडायची नाही. म्हणजे नाहीच!

का, ते ऐक. भिंतीवरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टची वीज येते. पेटीच्या मागे जिथे जाड वायर खोचलेली असते, तिथे आत धातूचा एक डबा असतो. त्याला म्हणतात एसएमपीएस. या डब्यात ती वीज चढून थेट सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जाते! आणि खरी मेख पुढेच आहे. प्लग काढला, तरी डब्यातली थोडी वीज काही वेळ आतच साठून राहते. म्हणून हा डबा मोठ्यांनीसुद्धा घरी उघडायचा नसतो.

दुसरा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

समज, तू गेम बंद केलास, हेडफोन काढलास, माऊसही बदललास. आवाज थांबला. छान! पण मग सांग, कुणामुळे थांबला? नाही ना सांगता येत? तिघांपैकी कुणीही असेल! म्हणून आधी एक बदल, मग कान लावायचा, मग वहीत टिपायचं. त्यानंतरच दुसरा बदल.

आपली हत्यारं अगदी सोपी आहेत. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची गुंडाळी करून एक नळी कर. तिचं एक टोक कानाशी धर आणि दुसरं पेटीच्या बाहेरून इकडेतिकडे फिरव. जाळीत घालायचं नाही हं! नळीमुळे आवाज कुठल्या बाजूनं येतोय ते कळतं. घरातल्या कुणाला विचारून फोनवर आवाजाचा आलेख काढणारं एखादं ॲप घेतलंस, तर फारच मजा. एका सेकंदात हवा किती वेळा थरथरली, तो आकडाच ते दाखवतं. या आकड्याला हर्ट्झ म्हणतात. सेकंदाला शंभर वेळा थरथर, म्हणजे शंभर हर्ट्झ. बस्, एवढंच!

आणि गंमत म्हणजे, पुष्कळदा हा आकडाच सांगून टाकतो की आत कोण आहे!

गरगर फिरणारे

सगळ्यात सोपे सापडतात ते फिरणारे. पेटीत कोण कोण फिरतं? पंखे तर असतातच. शिवाय कॉम्प्युटर थोडा जुना असेल, तर हार्ड डिस्क.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात. टेबलावरच्या कॉम्प्युटरमधल्या तबकड्या बहुतेक वेळा मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारतात. बाप रे! आता त्याला ६० नं भाग. किती आले? १२०! म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. ॲपवर १२० च्या जागी एक उंच रेघ दिसली, की समजायचं, ही हार्ड डिस्क!

पंख्याचं गणित जरा वेगळं. समज, पंखा मिनिटाला १,२०० फेऱ्या मारतोय. म्हणजे सेकंदाला २०. पण त्याला पाती आहेत सात! प्रत्येक पातं हवेला एकदा ढकलणार. मग २० गुणिले ७, झाले १४०.

पंख्याची आणखी एक खूण आहे. कॉम्प्युटर तापला, की पंखा जोरात फिरतो आणि आवाज हळूहळू चढत जातो. काम संपलं की हळूहळू उतरतो. पण आपला तो कुईकुईवाला? तो गेम उघडताक्षणी सुरू आणि मिटताक्षणी बंद! हळूहळूचं नावच नाही. म्हणजे तो पंखा नव्हेच.

मग फिरत नाही, सरकत नाही, असं पेटीत काय आहे जे ओरडतं?

न हलता गाणारी कॉइल

कोपऱ्यावरच्या डीपीजवळून कधी गेलायस? तोच तो राखाडी ट्रान्सफॉर्मर, कुंपणात उभा असलेला. दिवसरात्र गुंऽऽ करत असतो. त्याच्या आत ना पंखा, ना चाक. मग तो गुणगुणतो कसा?

त्याच्या पोटात लोखंडाच्या पत्र्यांचा एक गठ्ठा असतो आणि त्याभोवती तारेचे पुष्कळ वेढे. तारेतून वीज गेली, की लोखंडाचं चुंबक होतं. आणि आता ऐक नवल! चुंबक होताना लोखंडाची लांबी किंचित बदलते!

हे पहिल्यांदा लक्षात आलं जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाच्या, १८४२ मध्ये. किती बदलते लांबी? मीटरभर लांब सळई घेतली, तर फरक पडतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. फूटपट्टीवरच्या एका बारीक घराचे शंभर भाग कर आणि त्यातला एक घे. एवढुस्सा! पण तो सेकंदाला शंभर वेळा झाला, की अख्खी डीपी गुणगुणते.

शंभरच वेळा का? आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. पुढे जाताना एकदा चुंबक, मागे येताना पुन्हा एकदा चुंबक. दोनदा ५०, म्हणजे १००. घरातल्या कुठल्याही वस्तूच्या गुणगुणीत १०० चा आकडा दिसला, तर समज, भिंतीतली वीज गातेय!

कॉम्प्युटरमध्येही तारेचे असे वेढे असतात. त्यांना कॉइल म्हणतात. मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर, आणि चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डवर त्या छोट्या चौकोनी ठोकळ्यांच्या रूपात रांगेनं बसलेल्या असतात. त्यांचं काम काय?

कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला लागते साधारण एकच व्होल्टची वीज. पण एसएमपीएसकडून मिळते बारा व्होल्टची. मग बाराची एक कशी करायची?

अशी कल्पना कर. एका बादलीला खाली भोक आहे आणि त्यातून पाणी सारखं वाहतंय. वर नळ आहे, पण विचित्र. तो एकतर पूर्ण उघडतो, नाहीतर पूर्ण बंद होतो. अधलंमधलं काही नाही! तुला बादलीतलं पाणी बरोबर एका रेघेवर ठेवायचंय. काय करशील? नळ भराभर उघडझाप करशील. पाणी कमी वाटलं, उघड. जास्त वाटलं, बंद!

कॉम्प्युटरमध्ये हेच चालतं. तिथला नळ सेकंदाला काही लाख वेळा उघडतो आणि मिटतो! काही लाख! आणि त्यातून धक्क्याधक्क्यानं येणारी वीज शांत, सपाट करण्याचं काम कॉइल करते.

थांब थांब, तुझ्या डोक्यात प्रश्न आला ना? माणसाला तर सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंतचीच थरथर ऐकू येते. मग लाखांची उघडझाप कानाला कळणारच नाही!

शाब्बास! अगदी बरोबर. ती कळतच नाही. कळतं ते वेगळंच. बादलीचं ते भोक कधी मोठं होतं, कधी लहान! म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कधी घटाघटा वीज पितात, तर कधी घोटभरच. ते जितक्या वेळा असे घटाघटा पितात, तितक्या वेळा कॉइलला हिसका बसतो. तिच्या तारा एकमेकींना ओढतात, ढकलतात. आतला गाभाही थरथरतो. आणि होतं कुईऽऽऽ!

गेमच्या पहिल्या पानाचं गुपित

आता तो गेमवाला आवाज सहज उलगडेल बघ.

गेममध्ये दिसणारी हलती दृश्यं म्हणजे एकापाठोपाठ एक दाखवलेली चित्रं. ग्राफिक्स कार्ड ती भराभर काढत असतं. आणि प्रत्येक चित्र काढताना ते विजेचा एक मोठा घोट घेतं.

आता ओळख पाहू, सगळ्यात जोरात कुई कधी ऐकू येते? धुमश्चक्री लढाई चालू असताना? पुष्कळदा तसं नसतंच! ती ऐकू येते गेमच्या पहिल्या पानावर, जिथे नुसतं नाव आणि चारदोन बटणं असतात!

का बरं? कारण ते चित्र अगदी सोपं असतं. कार्डाला वाटतं, हे तर चुटकीसरशी होतंय! मग कुणी थांबवलं नाही, तर ते सेकंदाला दोन-दोन हजार चित्रं काढत सुटतं. दोन हजार चित्रं म्हणजे दोन हजार घोट, म्हणजे कॉइलला दोन हजार हिसके. आणि दोन हजार हर्ट्झचा आवाज आपल्या कानाला चांगलाच टोचतो!

खरी मजा तर पुढे आहे. पुष्कळ घरांतले पडदे सेकंदाला ६० चित्रंच दाखवतात. उरलेली एक हजार नऊशे चाळीस फुकट!

मग उपाय? गेमच्या सेटिंगमध्ये ‘व्ही-सिंक’ नावाचं एक बटण असतं. ते चालू केलं, की कार्ड पडद्याच्या चालीनं चालतं. सेकंदाला साठच चित्रं. करून बघ! बहुतेक वेळा कुईकुई एकदम विरते. पाना नाही, पेचकस नाही, आणि आवाज पकडला! वहीत लिही: एकच गोष्ट बदलली आणि गुन्हेगार सापडला, कॉइल.

कॉइल अशी गायली म्हणून कॉम्प्युटर बिघडला असं समजू नकोस हं. बिचारी तिचं कामच करत असते. तरी आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यात पुष्कळदा कॉइलवर चिकट रोगण किंवा राळ चढवतात. तारा घट्ट बसल्या, की थरथर कमी.

स्वयंपाकघरातला लायटर आणि पेटीतला कपॅसिटर

आता दुसरा गवई. हा तर फारच लबाड! तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो.

त्याला भेटण्याआधी ओट्यापाशी चल. आईला किंवा बाबांना गॅसचा लायटर दाबायला सांग. टक्! ठिणगी उडाली. पण त्या लायटरात सेल आहे का? नाही! वायर आहे का? नाही! मग ठिणगी आली कुठून?

आत एक छोटी हातोडी असते. ती एका खास खड्यावर फटका मारते. खडा दाबला जातो आणि त्यातून वीज निघते. हजारो व्होल्टची! पण क्षणभरच.

दाबलं की वीज देणारे खडे सापडले १८८० मध्ये, पॅरिसला. शोधणारे होते दोन भाऊ, झाक आणि पिएर क्यूरी. धाकटा पिएर तेव्हा होता अवघ्या विशीतला! पुढे याच पिएरचं लग्न झालं मारी क्यूरीशी. हो, त्याच त्या नोबेल मिळवणाऱ्या मारी क्यूरी!

दुसऱ्याच वर्षी गॅब्रिएल लिपमन या शास्त्रज्ञांनी कागदावर गणित मांडलं आणि म्हणाले, उलटंही व्हायला हवं! दाबल्यावर वीज येते ना? मग वीज दिली तर खडा हलायला हवा. क्यूरी बंधूंनी लगेच करून पाहिलं. आणि खरंच की! खडा हलला!

आता परत पेटीकडे ये. मदरबोर्डवर शेकडो चिमुकले कपॅसिटर चिकटवलेले असतात. कपॅसिटर म्हणजे वीज थोडी साठवून ठेवणारा भाग. यांतले पुष्कळसे एका खास चिनीमातीचे असतात. तिच्या पातळ पातळ थरांची चळत असते, कधी कधी शेकडो थरांची! आणि ही चिनीमाती त्या खड्यांच्याच जातीची. तिच्यावरचा विजेचा दाब वरखाली झाला, की ती फुगते आणि आकसते.

पण तांदळाच्या दाण्याहून लहान वस्तू हलून हलून किती हलणार? आणि तिचा आवाज आपल्याला ऐकू कसा येणार?

यासाठी एक प्रयोग करू. फोन ‘व्हायब्रेट’वर ठेव आणि हातात धर. कुणाला तरी त्यावर फोन करायला सांग. घुर्रर्र... आवाज बारीकच. आता तोच फोन एका उलट्या स्टीलच्या ताटावर ठेव आणि पुन्हा फोन करायला सांग. अबब! सगळं घर जागं झालं!

फोन तेवढाच हलला. पण त्यानं ताटाला हलवलं आणि ताटानं खूप साऱ्या हवेला. कपॅसिटर हेच करतो. तो मदरबोर्डला पक्का चिकटलेला असतो. तो आकसला की बोर्ड किंचित वाकतो. फुगला की पुन्हा सरळ होतो. म्हणजे गातो एवढासा दाणा आणि घुमतो अख्खा बोर्ड!

तुला ऐकू येतं, आजोबांना नाही!

समज, तू धावत जाऊन सांगितलंस, "आजोबा, कॉम्प्युटर कुईकुई करतोय!" आजोबा आले, कान लावला आणि म्हणाले, "कुठे काय? मला तर काहीच ऐकू येत नाही!"

हिरमुसू नकोस. तूही खरं बोलतोयस आणि आजोबाही! वय वाढतं तसे सगळ्यात उंच, बारीक आवाज कानाला ऐकू येईनासे होतात. त्या आवाजांच्या बाबतीत मुलांचे कान मोठ्यांपेक्षा कितीतरी तल्लख असतात.

एक जुनी गंमत सांगू? पूर्वीचे टीव्ही आठवतात का घरातल्यांना विचार. मागे भलंमोठं पोट असलेले. त्यांच्या पडद्यावरचं चित्र ६२५ आडव्या रेघांमध्ये काढलं जायचं, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार कर. १५,६२५! या टीव्हीतला एक ट्रान्सफॉर्मर सेकंदाला बरोबर तितक्याच वेळा थरथरायचा. आवाजाचं बटण शून्यावर असलं, तरी त्याची टींऽऽ चालूच! मुलांना बाहेरच्या खोलीतूनही कळायचं, की टीव्ही लावलाय. मोठ्यांना मात्र पत्ता नसायचा.

म्हणजे या शोधमोहिमेत घरातला सगळ्यात पक्का कान कुणाचा? तुझा!

आवाज पेटीत नाही, हेडफोनमध्ये!

आता एक चकवा. आवाज येतोय खरा, पण हेडफोन काढला की गायब! पेटीला नळी लावली, तर तिथे काहीच नाही. हा आवाज हवेतून येतच नाही. तो येतो वायरमधून.

हेडफोन लाव. काहीही वाजवू नकोस. आता माऊस हलव. चिर्र चिर्र चिर्र... ऐकू येतं? माऊस थांबवला की चिरचिरही थांबते! भुताटकी वाटते ना?

भूतबित काही नाही. साध्या माऊसला कॉम्प्युटर सेकंदाला १२५ वेळा विचारत असतो, "हललास का? हललास का?" तू माऊस हलवलास, की प्रोसेसर झटकन जागा होतो. बाण नव्या जागी काढायला धावतो. विजेचे घोट वाढतात. गाण्याची वीज असते अगदी नाजूक, एका व्होल्टहूनही कमी. तिच्या शेजारून हे दांडगे घोट जातात आणि थोडे तिच्यात सांडतात. तेच तुझ्या कानात चिरचिरतं!

उपाय करून बघ. हेडफोन पेटीच्या पुढच्या भोकात लावलेला असेल, तर मागच्या भोकात लाव. पुढच्या भोकाची वायर पेटीच्या आतून सगळ्या गोंगाटातून फिरून येते. मागचं भोक थेट मदरबोर्डवर असतं. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं!

आणि स्पीकरमधून सारखी जाड गुंऽऽ येत असेल तर? मग आपल्या प्लगकडे बघ. तीन पिना असतात ना? त्यांतली वरची जाड आणि लांब असते. का असेल बरं? प्लग खोचताना ती सगळ्यात आधी आत जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी बाहेर यावी म्हणून! ही अर्थिंगची पिन. नको असलेल्या विजेला ती जमिनीत जायची वाट देते.

घरातलं अर्थिंग नीट नसेल, तर ती वीज पेटीच्या पत्र्यावरच रेंगाळते. मग स्पीकर गुणगुणतो. कधी पेटीला हात लागला, की बोटांना झिणझिण्याही येतात. तसं झालं तर लगेच घरातल्या मोठ्यांना सांग आणि वायरमनकाकांना बोलवा. गुणगुण थांबावी म्हणून ती जाड पिन काढून टाकायची नाही हं, कधीच नाही!

अर्थिंग नीट असूनही गुंऽऽ येते? कॉम्प्युटर एका भिंतीवर आणि स्पीकर दुसऱ्या भिंतीवर लावलाय का बघ. असेल, तर मोठ्यांना सांगून दोन्ही एकाच बोर्डावर लावायला सांग. किती वेळा एवढ्यानंच काम होतं!

रेडिओनं पकडलेलं गाणं

काही आवाज तर कानाला थेट ऐकूच येत नाहीत. तारेतली वीज सारखी कमीजास्त होत असली, की तिच्यातून रेडिओच्या लहरीही निघतात. त्या पकडायला लागतो रेडिओ!

घरात सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर आहे? मीडियम वेव्हवर लाव आणि काटा दोन स्टेशनांच्या मध्ये आण, जिथे नुसती खरखर असते. आता तो कॉम्प्युटरजवळ ने. खरखर बदलली! एखादा गेम उघड. पुन्हा बदलली! एलईडी दिव्याजवळ ने, मोबाईलच्या चार्जरजवळ ने. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी!

हीच गंमत अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९७५ मध्ये स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या माणसाच्या लक्षात आली. त्याच्याकडे होता आल्टेअर ८८००. या कॉम्प्युटरला ना पडदा, ना कीबोर्ड, ना स्पीकर! पुढच्या बाजूला नुसते खटके आणि लुकलुकणारे दिवे. शेजारी रेडिओ चालू होता. आल्टेअर काम करायला लागला आणि रेडिओतून चित्रविचित्र आवाज यायला लागले!

दुसरा कुणी असता तर वैतागून रेडिओ बंद केला असता. डॉम्पियरनं काय केलं असेल, सांग? त्यानं शोधून काढलं, कुठल्या सूचनेला कुठला सूर निघतो! मग होमब्रू कॉम्प्युटर क्लब नावाच्या हौशी मंडळींच्या बैठकीत आल्टेअर नेला, वर रेडिओ ठेवला, खटके वरखाली करून सूचना भरल्या. आणि रेडिओतून चक्क बीटल्स या बँडचं ‘फूल ऑन द हिल’ वाजलं!

स्पीकर नसलेल्या कॉम्प्युटरनं गाणं म्हटलं! तेही नको असलेल्या खरखरीतून!

कुईकुई ऐकून फोडलेलं कुलूप

आता या सगळ्यांवर कडी करणारी गोष्ट.

कॉम्प्युटर काम बदलतो तशी कुईकुई बदलते. हे तर तुला कळलंच. मग नीट ऐकलं, तर आत काय काम चाललंय तेही कळेल का?

इस्राएलमधल्या तीन शास्त्रज्ञांनी हाच विचार केला. डॅनियल गेंकिन, अदी शमीर आणि एरन ट्रोमर. २०१३ मध्ये त्यांनी एका लॅपटॉपशेजारी साधा मोबाईल ठेवला. लॅपटॉप गुप्त पत्रं उलगडत होता आणि फोन त्याच्या कॉइल-कपॅसिटरची बारीक कुईकुई ऐकत होता. तासाभरात त्यांनी त्या आवाजावरून गुप्त किल्लीच शोधून काढली!

ही किल्ली लोखंडाची नाही हं. ती असते एका प्रचंड संख्येत दडलेली. किती प्रचंड? बाराशेहून जास्त अंकांची! वहीची पानंच्या पानं भरतील. चांगला माईक घेऊन त्यांनी हाच पराक्रम चार मीटरवरूनही करून दाखवला.

आणि यातला अदी शमीर कोण, माहीत आहे? ज्या तिघांनी १९७७ मध्ये या प्रकारचं कुलूप बनवलं, त्यांतलाच एक! ज्यानं कुलूप बनवलं, त्यानंच दाखवलं की ते असंही फोडता येतं!

घाबरू नकोस. त्यांनी ही गोष्ट गुपचूप ठेवली नाही. पत्रं उलगडणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये लगेच दुरुस्ती झाली.

हे आवाज आले तर मात्र शोध थांबव

सगळेच आवाज गमतीचे नसतात. चटचट, फट् असा आवाज आला, जळका वास आला किंवा धूर दिसला, तर कान लावत बसायचं नाही. पेटीला हात न लावता लांब हो आणि मोठ्यांना हाक मार. ते भिंतीवरचं बटण बंद करतील. हार्ड डिस्कमधून टक्-टक्-टक् असा ठोका सारखा येत असेल, तर तिच्यातले फोटो आणि अभ्यास लगेच दुसरीकडे उतरवून ठेवायला सांग. ती दमलेली असते.

बाकी सूंऽऽ, गुंऽऽ आणि कुईऽऽ सगळं तुझ्या वहीत जाऊ दे. कधी आला, कुठून आला, काय बदललं की थांबला. तीन रकाने पुरेत.

आणि हो, जाता जाता एक कोडं! एका मुलीनं मामाच्या कॉम्प्युटरजवळ फोनचं ॲप लावलं. दोन उंच रेघा दिसल्या. एक ९० वर, दुसरी १०० वर. गेम चालू नव्हता आणि पंखाही जेमतेम फिरत होता. १०० वाला कोण, ते तर तू डोळे मिटून सांगशील. पण ९० वाला? एवढंच सांगते, त्याला साठनं गुण आणि मिनिटाला किती फेऱ्या येतात ते बघ. मग सांग बरं, मामाच्या पेटीत कोण फिरतंय?